सावली कुणाच्या वाट्याला?

(आमच्या गटाच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री आपण 'साहिब बीबी और गुलाम' पाहिला. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग आपण छोट्या बहूबद्दल बोललो, तिच्या दारूबद्दल बोललो, बायकोला हवेलीत ठेवून कोठ्यावर जाणाऱ्या जमीनदारांबद्दल बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण आज मी एका अशा माणसाबद्दल बोलणार आहे, जो पडद्यावर एकदाही दिसत नाही. आपल्याला जे दिसलं, ते त्याने दाखवलं तेवढंच दिसलं. तो माणूस म्हणजे व्ही. के. मूर्ती, या चित्रपटाचे छायालेखक.

आपण सहज 'कॅमेरामन' म्हणतो. त्या शब्दात एक यंत्र आहे आणि एक पुरुष आहे. आपला 'छायालेखक' हा शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण त्यात कामच सांगितलं आहे: सावली लिहिणं. उजेड कुठे पाडायचा हे ठरवलं, की अंधार कुठे ठेवायचा हेही त्यातच ठरतं.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. खोलीतले दिवे बंद करा आणि हातात बॅटरी घ्या. समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर एका बाजूने उजेड टाका. अर्धा चेहरा उजळेल, अर्धा काळा राहील. हा मुख्य प्रकाश. आता दुसऱ्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरा. उजेड चादरीवर आपटून परत येईल आणि काळी बाजू थोडी निवळेल. हा भरणीचा प्रकाश. तिसरा दिवा तिच्या मागून लावला, की केसांना आणि खांद्यांना उजळ कड येते आणि ती मागच्या भिंतीपासून सुटी दिसते. बहुतेक सगळा खेळ या तीन दिव्यांचा. भरणीचा दिवा काढून घेतला की त्याच चेहऱ्यावर ताण येतो, भीती येते, गूढ येतं. नटीने काही केलेलं नसतं, फक्त एक दिवा कमी झालेला असतो.

या खेळात जुना पक्षपात आहे. पुरुषाच्या चेहऱ्यावर कडक, बाजूचा प्रकाश चालतो. त्याच्या सुरकुत्या, खड्डे, दाढीचे खुंट दिसले तर त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणतात. बाईच्या चेहऱ्यावर मात्र समोरून मऊ प्रकाश, लेन्सवर जाळी नाहीतर रेशमी मोज्याचा तुकडा. सुरकुती पुसायची, वय पुसायचं. त्याच्या वाट्याला अनुभव, तिच्या वाट्याला सौंदर्य! ही वाटणी संवादात कुठे लिहिलेली नसते, म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही.

आता मूर्तींकडे येऊ. १९२३ साली म्हैसूरला जन्मलेले मूर्ती गुरुदत्त यांच्या महत्त्वाच्या चित्रपटांचे छायालेखक होते. 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट त्यांचाच. त्यात रिकाम्या स्टुडिओत वरून तिरका उतरणारा उजेडाचा झोत आहे. गुरुदत्त आणि वहिदा रेहमान लांब लांब उभे आहेत आणि मधे तो झोत. आरशांवरून खरं ऊन आत घेऊन मूर्तींनी तो साधला. दोघांना जे बोलता येत नाही, ते तो झोत बोलतो. चित्रपट तेव्हा पडला, पण त्या उजेडाचं नाव अजून निघतं. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक. २००८ सालचा तो पुरस्कार. २०१४ साली ते गेले.

कालच्या चित्रपटातले दोन प्रसंग आठवा.

पहिला, भूतनाथ आणि छोटी बहू यांच्या पहिल्या भेटीचा. गावाकडून आलेला हा गरीब तरुण मान वर करत नाही, म्हणून आपल्यालाही आधी फक्त गालिचा दिसतो आणि तिची पावलं. मग तो मान वर करतो आणि तिचा चेहरा समोर येतो. या बाईने त्याला का बोलावलंय? नवऱ्याला परत आणील अशी जाहिरात असलेला 'मोहिनी सिंदूर' हवा म्हणून. सगळी हवेली अंधारी, कोंदट आणि हा एकच चेहरा उजळलेला. मूर्तींनी हा प्रकाश नुसता देखणेपणासाठी दिलेला नाही. या घरात माणूस म्हणून बघण्यासारखं कुणी असेल तर ती ही, असं तो प्रकाश सांगतो. संवादात तिला कुणी न्याय देत नाही, पण छायालेखकाने दिला.

दुसरा प्रसंग मुजऱ्याचा. छोटे बाबू लोडाला टेकून बसलेत. मिनू मुमताज नाचते आहे आणि तिच्यावर झगझगीत प्रकाश. तिच्यामागे साथीच्या नर्तकी आहेत. त्यांचे हात दिसतात, गिरक्या दिसतात, पण चेहरे दिसत नाहीत. सबंध गाणंभर त्या सावलीतच नाचतात. दृश्य म्हणून ते अप्रतिम आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही मोहून गेले होते. पुढे कधीतरी मनात आलं, की या बायकांनी मुख्य नर्तकीइतक्याच तालमी केल्या असतील, घाम गाळला असेल, रोजावर पैसे घेतले असतील. त्यांच्या घरच्यांनी सिनेमा पाहिला असेल, तर त्यांना आपली मुलगी ओळखता आली असेल का?

एकाच चित्रपटात, एकाच माणसाच्या हातून, एका बाईला प्रकाशाने माणूस केलं आणि बाकीच्या बायकांना सावलीने नक्षी केलं. मूर्ती मोठे होते म्हणून हे सांगायचं नाही, असं मी मानत नाही. ते मोठे होते म्हणूनच त्यांच्याकडून दोन्ही शिकता येतं.

मूर्तींच्या हाताखाली शिकलेले गोविंद निहलानी पुढे आपल्या अधिक जवळचे झाले. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर आधारलेल्या 'भूमिका'चं (१९७७) छायालेखन त्यांचं. उषाचा भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत आहे, पण रंग आले म्हणून तिचं जगणं सोपं होत नाही. त्यात स्मिता पाटीलचा सावळा चेहरा सावळाच राहतो. ही लहान गोष्ट नाही. रंगीत फिल्म मुळात गोऱ्या कातडीचा चेहरा प्रमाण धरून जुळवली जात असे. गडद चेहऱ्याचे बारकावे दिसायला हवे असतील, तर छायालेखकाला त्याच्यासाठी वेगळा दिवा लावावा लागतो. म्हणजे तशी इच्छा असावी लागते.

मग बाई कॅमेऱ्यामागे उभी राहिली तर? बी. आर. विजयालक्ष्मी १९८५ साली तमिळमध्ये स्वतंत्र छायालेखिका झाल्या. 'कुट्टी स्रांक' या मल्याळम चित्रपटासाठी अंजुली शुक्ला यांना २००९ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथापटांच्या छायालेखनाचा हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपला 'व्हेंटिलेटर' (२०१६) सविता सिंग यांनी चित्रित केला. या वाटा उघडल्या हे महत्त्वाचं आहे. पण बाईने दिवा लावला की तो आपोआप न्यायाचा होतो, असं समजू नका. हे मी स्वतःवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही परित्यक्ता बायकांच्या मुलाखती चित्रित केल्या. एका ताईंना आम्ही खिडकीकडे पाठ करून बसवलं. मागून ऊन, चेहरा पूर्ण काळा. आम्हाला वाटलं, ही खबरदारी झाली. शिवाय खरं सांगायचं तर ते 'परिणामकारक' दिसत होतं. त्यांना फिल्म दाखवली. शेवटपर्यंत पाहून त्या म्हणाल्या, "मला का काळं केलंत? टाकलं त्यानं. तोंड मी कशाला लपवू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करू नये, असा कायदा १९८३ च्या दुरुस्तीने आला. नव्या न्याय संहितेतही तो आहे आणि तो हवाच. सावली हा पुष्कळदा बाईचा आसरा असतो, तो काढून घ्यायचा नाही. पण त्याच कायद्यात, तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव प्रसिद्ध करता येतं, अशीही तरतूद आहे. म्हणजे शब्द तिचा. सावली तिने मागितली तर ती ओसरी आहे. आपण न विचारता टाकली तर ती कोठडी आहे.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. पुढचा सिनेमा पाहताना कथेबरोबर दिव्यांकडेही बघा. कुणाचा चेहरा दिसतो, कुणाचा नुसता आकार? सुरकुत्या कुणाच्या ठेवल्या, कुणाच्या पुसल्या? आणि उद्या दुपारी आपल्यातल्या काहीजणी वस्तीत कॅमेरा घेऊन जाणार आहेत. बटण दाबण्याआधी समोरच्या बाईला विचारा: ताई, उजेडात बसता की सावलीत? ती जे सांगेल ते ऐका. मगच कॅमेरा सुरू करा.