बातमीत नसलेला माणूस

(हडपसर इथे महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मागच्या बैठकीत एकीने वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. पाच-सहा ओळींची बातमी. कचराकुंडीजवळ नवजात अर्भक सापडलं, अज्ञात महिलेविरुद्ध गुन्हा नोंदवला, पुढील तपास चालू. वर मथळा होता, 'निर्दयी माता'. कात्रण हातोहात फिरलं आणि आपल्यातल्याच तिघी-चौघींच्या तोंडून निघून गेलं, "काय बाई असेल तरी!" खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात तेच म्हटलं. घरी गेल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. त्या बातमीत दोनच माणसं होती. एक सापडलेलं मूल आणि एक न सापडलेली बाई. मूल होण्यासाठी आणखी एक माणूस लागतो, तो बातमीत कुठेच नव्हता.

या माणसाला बातमीबाहेर ठेवण्याची रीत फार जुनी आहे. म्हणून आज मी दोन जुन्या गुन्ह्यांची हकिकत सांगणार आहे. दोन्ही बालहत्येचे. दोन्हींत आरोपी ब्राह्मण विधवा. एक गुन्हा पुण्यातला, १८६३ सालचा. दुसरा सुरतेकडचा, १८८१ सालचा, पण त्यावरून पुण्याच्या वर्तमानपत्राने जे लिहिलं त्यातून मराठीतलं एक महत्त्वाचं पुस्तक जन्माला आलं.

पहिली हकिकत काशीबाईची. ती आपल्याला कळते ती जोतीराव फुल्यांच्या लिहिण्यातून. १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली, सरकारने त्यावर लोकांची मतं मागवली. फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपलं मत लिहून दिलं, त्यात वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. काशीबाई तरुण विधवा. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस राहिले. तिने औषधं घेऊन पाहिली, काही उपयोग झाला नाही. मूल झालं, बदनामीच्या भीतीने तिने त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

आता फुल्यांनी हे कसं सांगितलं ते पाहा. शास्त्री हकिकतीत आहे. तिने आधी विरोध केला, मग ती फसली, हेही आहे. मुलाला मारलं हे त्यांनी लपवलेलं नाही, सौम्यही केलेलं नाही. बाई दोषी की निर्दोष एवढाच प्रश्न न ठेवता ते विचारतात, तिला दुसरी वाट कोणती होती? नवीन पीनल कोड १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं होतं. त्यातल्या ३१२ कलमाने स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. मूल ठेवलं तर घराबाहेर. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्याची मान्यता मिळाली होती, पण गोवंड्यांच्या घरी भाकरी थापणाऱ्या काशीबाईला त्या कायद्याचा काय उपयोग?

म्हणून फुले पतिपत्नींनी आपल्याच जागेत घर उघडलं. बालहत्या प्रतिबंधक गृह. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी पत्रकं त्यांनी ब्राह्मणवस्तीत लावली. १८८४ पर्यंत ३५ बाया तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० गेली. कशाने, तर पोटात असतानाच आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी. हा आकडा भाषणात सांगताना आपण बहुतेक वेळा ३५ वर थांबतो. तिथे थांबू नये. ३० मुलं दगावूनही ते घर चालू राहिलं. सावित्रीबाईंनी या बायांची बाळंतपणं केली. काय पाहिलं असेल त्या बाईने, विचार करा.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती हडपसरची आहे. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा याच घरात जन्मलेला, एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. तिचंही नाव काशीबाईच सांगतात. त्यामुळे पुष्कळ भाषणांतून आणि लेखांतून दोघींची एकच काशीबाई करून टाकली जाते. साधा हिशेब केला तरी चूक कळते. काळ्या पाण्याची शिक्षा झालेली काशीबाई १८६३ ची, यशवंत जन्मला त्यानंतर दहा-एक वर्षांनी. एक शिक्षा भोगायला गेली, दुसरी वाचली. बायकांच्या हकिकती आपणही इतक्या ढिलाईने सांगतो, तर वर्तमानपत्रांना काय नावं ठेवायची!

हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. विधवेच्या पोटचा म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न झालं ते ससाण्यांच्या राधाशी. आणि १८९७ च्या प्लेगात त्याने दवाखाना घातला तो इथेच, हडपसरला, ससाण्यांच्या मळ्यात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन याच दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे ज्या मुलाची एरवी 'अर्भक सापडले' अशी बातमी झाली असती, त्याने तुमच्या-आमच्या गावात प्लेगचे रोगी तपासले. ससाणेनगरवरून रिक्षाने जाताना मला दर वेळी हे आठवतं.

आता दुसरी हकिकत. १८८१ साल. सुरत जिल्ह्यातली विजयालक्ष्मी. तिच्यावरही नवजात मुलाला मारल्याचा आरोप. सुरतेच्या सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली. मुंबई हायकोर्टात अपील झालं, फाशीची जन्मठेप काळं पाणी झाली. पुढे सरकारने ती पाच वर्षांवर आणली. फाशीपासून पाच वर्षं! गुन्हा तोच, बाई तीच. एवढा फरक पडला, कारण मध्यंतरी प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून विधवांच्या स्थितीवर, पुनर्विवाहावर पत्रव्यवहार झडला. वर्तमानपत्रं त्या काळी नव्याने जोर धरत होती, 'केसरी' त्याच वर्षी जानेवारीत निघाला होता. म्हणजे बातमीने बाईचा जीव वाचूही शकतो. हे मी मुद्दाम सांगते. आपण सरसकट सगळ्या पेपरवाल्यांना झोडपतो, ते बरोबर नाही.

पण त्याच बातमीने दुसरंही काही केलं. 'पुणे वैभव' नावाच्या सनातनी पत्राने हे निमित्त साधून एकंदर स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. एका बाईच्या हातून गुन्हा घडला आणि उपदेश सगळ्या बायकांना. तो अंक विदर्भात बुलढाण्याला पोचला. तिथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले बापूजी हरी शिंदे राहत. सत्यशोधक विचारांचे. त्यांच्या मुलीने, ताराबाईने, ते वाचलं आणि तिचं माथं भडकलं.

तिने संपादकाला पत्र लिहिलं नाही, थेट पुस्तकच लिहिलं. 'स्त्रीपुरुषतुलना'. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली ते छापलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. विजयालक्ष्मी निर्दोष आहे असं सिद्ध करायला ती बसली नाही. तिने वेगळाच उलटतपास घेतला. तुम्ही बायकांच्या अंगी जे जे दुर्गुण सांगता, साहस, कपट, चंचलपणा, ते एकेक घेऊ आणि पुरुषांत ते किती आहेत ते मोजू. गोड बोलून विधवेला भुलवायचं कोणी, आणि तिचं पोट दिसू लागलं की पळायचं कोणी? बायको मेली की दुसरी करायची मोकळीक एकाला, आणि नवरा मेला की दुसरीचं केस, कुंकू, सगळंच जायचं, हा न्याय कुठला? आणि हा जाच ब्राह्मणांतच आहे असं नाही, आम्हा कुळवंत मराठ्यांतही आहे, हेही ती सांगते. स्वतःच्या घराला वगळत नाही. बातमीत नसलेल्या माणसाला तिने त्याच्या माडीवरून हाताला धरून खाली आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

पुढे काय झालं? टीका झाली, फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, आणि मग पुस्तक विसरलं गेलं. प्रा. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे आपल्या पिढ्यांना ताराबाई कळली. जवळजवळ ९३ वर्षं!

हे सगळं वाचल्यापासून मला आपल्या भाषेकडेच संशयाने पाहायची सवय लागली आहे. तुम्हीही पाहा. 'दिवस राहिले.' 'पाय घसरला.' 'वाकडं पाऊल पडलं.' पाय कुणाचा? बाईचा. वाट कुणी निसरडी केली, ते वाक्यात नाही. आत्ता मीच काशीबाईची हकिकत सांगताना 'दिवस राहिले' म्हणाले, तुमच्यापैकी कुणाला खटकलं? दीडेकशे वर्षांपूर्वीची विधवा जाऊन आज 'कुमारी माता' आली. कुमार पिता असा शब्द मी तरी कधी छापलेला पाहिला नाही. उपसंपादकाला फारच सुचलं तर गीतरामायणात भरताने कैकयीला सुनावलेली ओळ मथळ्याला चिकटवून मोकळा होतो.

गंमत म्हणजे इंग्रजांचा कायदा या बाबतीत वर्तमानपत्रांपेक्षा बरा होता. मूल टाकून देण्याचं कलम ३१७ काढून वाचा. त्यात 'बाप किंवा आई' असे शब्द आहेत, बाप आधी. १ जुलै २०२४ पासून पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ९३ कलमातही बाप आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा. मग फिर्यादीत 'अज्ञात महिला' कुठून येते? मूल कोणी ठेवलं हे कुणी पाहिलेलं नसताना ती महिलाच होती हे कसं ठरलं? बाप असेल, आजी असेल, भाऊ असेल. कधी कधी 'अज्ञात व्यक्ती' असं लिहितात, ते निदान खरं असतं. पोलीस चौकीत आपला गट जातो तेव्हा एवढं विचारायला हरकत नाही. मी एकदा विचारलं. समोरचा हवालदार हसला, म्हणाला, "ताई, असंच लिहायची पद्धत आहे." रागावून नव्हे, अगदी सरळ म्हणाला.

नावाचंही असंच. विजयालक्ष्मीचं नाव, जात, जिल्हा, शिक्षा, सगळं आपल्यापर्यंत पोचलं. त्या पुरुषाबद्दल काहीही पोचलं नाही. बलात्काराच्या बाबतीत बाईची ओळख छापायला बंदी आली ती १९८३ साली, तीही मथुरेच्या केसनंतर उठलेल्या चळवळीमुळे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० साली बाया रस्त्यावर आल्या. आपल्यातल्या काही जणी त्या मोर्च्यांत होत्या, आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. पण बालहत्येच्या किंवा मूल टाकल्याच्या आरोपातल्या बाईचं नाव-गाव-फोटो अजूनही बिनदिक्कत छापला जातो. तिच्यासाठी मोर्चा काढणं अवघड आहे, मान्य. तिच्या हातून एक जीव गेलेला असतो. फुल्यांनाही ते अवघड गेलं असणार.

आपल्या वस्तीत अशी मुलगी समोर आली तर काय करायचं, हे सगळ्यांना पाठ हवं, म्हणून थोडक्यात सांगते. १९७१ च्या कायद्याने गर्भपात कायदेशीर झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, आईबापाची लागत नाही. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. दिवस उलटून गेले असतील तर बाळंत होऊन मूल बालकल्याण समितीकडे सोपवता येतं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तशी सोय आहे, विचार बदलायला दोन महिने मिळतात. असं मूल सोपवणं हा गुन्हा नाही. फुल्यांनी भिंतीवर पत्रक लावून जे सांगितलं तेच आज कायद्यात आहे, फक्त पत्रक कुणी लावत नाही. आपण लावू या. गाडीतळाच्या बसथांब्यावर, कारखान्याच्या गेटवर, कॉलेजच्या मुलींच्या खोलीत.

आणि कात्रणांची फाईल चालू ठेवू. त्यात प्रत्येक कात्रणाच्या समासात पेन्सिलने एक ओळ लिहायची, या बातमीत कोण नाही. वर्षाअखेरी त्या सगळ्या ओळी एकत्र वाचू आणि संपादकांना भेटायला जाऊ.

ताराबाईंच्या पुस्तकाची माझी प्रत बरोबर आणली आहे, जरा फाटली आहे, सांभाळून हाताळा. जुनी मराठी आहे, पण मोठ्याने वाचली की कळते. चहा येईपर्यंत सुरुवातीची पानं वाचू. कोण वाचतंय?