पुडी आणायला कोणी पाठवले?

(मंडळीच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आज मुलांविषयी बोलायचे आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. आपल्या वसतिगृहातल्या नववीच्या एका मुलाच्या उशीखाली दोन पुड्या सापडल्या. एक पानमसाल्याची, दुसरी तंबाखूची. मी त्याला जवळ बसवून विचारले, "बाळा, हे कुठून शिकलास?" तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, नाताळात पाहुणे आले होते, तेव्हा तुम्हीच मला दुकानात पाठवलं होतं. त्यांच्यासाठी पुडी आणायला."

मी स्वतः तंबाखू खात नाही. व्यसनमुक्तीवर भाषणेही देतो. पण त्या मुलाच्या लक्षात माझे भाषण राहिले नाही. मी त्याच्या हातावर ठेवलेले दहा रुपये राहिले. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा कायद्याने गुन्हा आहे. दुकानदार चुकला, पण त्याच्याकडे मुलाला मीच धाडले होते.

आपल्या पाड्यांवर तंबाखू हे व्यसन मानले जात नाही, तो मान समजला जातो. लग्नाची बोलणी असोत की पंचांची बैठक, चंची आधी फिरते. आई सकाळी मशेरी लावते, म्हणून मुलगी लावते. "असे कर" म्हणून कोणी सांगत नाही. मूल बघते आणि मोठे होण्याची ही रीत आहे असे समजते.

आता यात मोबाइलची भर पडली आहे. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. मग त्याच नावाची वेलची आणि पानमसाला घेऊन मोठमोठे नट पडद्यावर आले. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, तेव्हा मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकू लागले. मुले त्या तळहातावर एकत्र करतात. घरात काका खातो, पडद्यावर हिरो मिरवतो. मग पंधरा वर्षांच्या मुलाने आमचे का ऐकावे?

पुष्कळांना वाटते, तंबाखू नसली तर नुसत्या सुपारीने काय होते? सुपारीही कर्करोग करते. तिने गालाच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. घरी करून पाहा. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? सुपारी किंवा मसाला खाणाऱ्याची जात नसतील, तर त्याला लगेच डॉक्टरांना दाखवा.

त्या प्रसंगानंतर आम्ही मुलांना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. पहिला प्रश्न, तुमच्यापैकी किती जण पुडी खातात? बहुतेकांनी लिहिले, निम्म्याहून जास्त. दुसरा प्रश्न, तू स्वतः खातोस का? "हो" म्हणणारे मोजकेच निघाले. हे वाचून दाखवले तेव्हा मुले एकमेकांकडे बघू लागली. न खाणाऱ्या प्रत्येकाला वाटत होते की आपणच एकटे मागे आहोत! देशाचेही चित्र असेच आहे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी तंबाखू वापरणारे ८.५ टक्के होते. म्हणजे शंभरातले नव्वदहून अधिक वापरत नव्हते. पण खाणारा चारचौघांत दिसतो, न खाणारा दिसत नाही. म्हणून "सगळेच खातात" हा समज पसरतो आणि त्या समजापायी नवे मूल पुडी फोडते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मांस खाण्याविषयी बोलतो. खाण्याची आपल्याला मोकळीक आहे हे तो जाणतो. तरी आपल्या खाण्याने दुर्बळ भाऊ अडखळणार असेल, तर आपण ते कधीच खाणार नाही, असे तो ठरवतो. त्या भावाच्या जागी आज आपली मुले आहेत.

म्हणून वडीलधाऱ्यांना हात जोडून तीन विनंत्या करतो. मुलाला पुडी आणायला पाठवू नका. उपासनेनंतर मंदिराच्या दारात तंबाखू मळू नका. आणि लग्नात चंचीऐवजी गूळ-शेंगदाणे फिरवा. मान तेवढाच राहतो. सोडायची इच्छा असून सुटत नसेल, तर लाजू नका. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते, आणि आमचे दार तर उघडेच आहे.

त्या मुलाची मी क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, मग पाहुण्यांना काय देणार?" यंदाच्या नाताळात त्याला उत्तर द्यायचे आहे, मला आणि तुम्हालाही.

प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.