महाविद्यालयीन विद्यार्थी आणि वाणीचे शिक्षण



देवस्थानच्या उत्सवी नाटकात उभी राहून गावातील मुले चार माणसांत बोलावयास शिकतात, हे महाजन घराण्यांना नव्याने सांगावयास नको. उज्जयिनी नगरीत हेच कार्य मोठ्या प्रमाणावर होत आले आहे. पं. सूर्यनारायण व्यास यांच्या प्रयत्नांनी १९५८ साली तेथे अखिल भारतीय कालिदास समारोह सुरू झाला. कार्तिक मासात भरणाऱ्या या समारोहात नाट्यप्रयोगांच्या जोडीने विद्यार्थ्यांच्या संस्कृत वादविवाद व श्लोकपाठाच्या स्पर्धाही होतात.

परंतु स्पर्धेपूर्वी शिक्षण हवे. पाठ केलेले भाषण पारितोषिक मिळवून देते. मात्र अनपेक्षित प्रश्न येताच तोच वक्ता गोंधळून जातो. येथे भरतमुनींचे नाट्यशास्त्र उपयोगी पडते. उर, कंठ आणि शिर ही स्वराची तीन स्थाने होत. निकटच्या माणसाशी उरातून, थोड्या अंतरावरील माणसाशी कंठातून आणि दूरच्याशी शिरातून बोलावे, असा त्यांचा दंडक आहे. म्हणजे कोणाशी बोलावयाचे हे आधी ठरावे, आवाज मागाहून लावावा. विच्छेद, म्हणजे योग्य स्थळी घेतलेला विराम, हेही त्यांनी पाठ्याचे एक अंग मानले. ध्वनिक्षेपकाने आवाज मोठा होतो. विराम मात्र वक्त्यालाच साधावा लागतो.

उद्या देवस्थानच्या सभेत हिशेबाविषयी नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारणारा तरुण हवा असेल, तर आज त्याला रंगमंचावर उभे केले पाहिजे. उत्सवी नाटकातील लहानशी भूमिका ही त्याची पहिली शाळा ठरो.