बाळाची शिदोरी आईच्या पोटातच बांधली जाते



ऊस लावताना आपण बेणे निवडून घेतो, सरी सोडतो, खत घालतो. पेरणीआधी रान तयार करतो. मग घरात बाळ येणार असेल, तर त्याची तयारी नको का?

आपल्याकडं घरातली सून सगळ्यांच्या मागून जेवते. भाजी संपलेली असते, मग चटणी-भाकरीवर भागवते. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल, असंही काही घरांत म्हणतात. हा गैरसमज आहे, आणि त्याची किंमत बाळ जन्मभर भरतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणात पाहणी केली. त्या शेतात राबणाऱ्या, तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे 2.7 किलो भरलं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं दिसायला किरकोळ, पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानानं चरबी जास्त निघाली.

असं का होतं? पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदू जपतं आणि बाकीच्या अवयवांत काटकसर करतं. पुढं हेच मूल मोठं होऊन भरपूर खाऊ लागलं, अंगमेहनत कमी झाली, की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो.

त्याच पाहणीत असं दिसलं, की ज्या आया दूध, पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं अधिक भरलेली होती. आणि ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा आढळल्या. म्हणून लोह-फॉलिकच्या गोळ्या चुकवू नका, आणि जोडीला बी-12 देणारं दूध, दही, ताक घ्या. चालत असेल तर अंडी, मासे, मटण खा. गोळी चहाबरोबर घेऊ नका.

दादा, आता तुमच्याशी बोलतो. सगळं दूध डेअरीला घालू नका, पेलाभर घरात ठेवा. वडगावच्या बाजारातून येताना मेथीची पेंडी, चार पेरू आणा. पाण्याची घागर आणि उसाची मोळी तिच्या डोक्यावर देऊ नका. सासूबाई, सुनेला आपल्या पंगतीला बसवा.

एक बाळ अंगावर पीत असतानाच दुसरं राहिलं, तर आईचं शरीर भरून यायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिलं बाळ विशीनंतर, आणि दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. तांबी, निरोध, अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोघं मिळून या, विचारा आणि आपल्याला सोयीचं ते निवडा.

रानाला विसावा दिला तर पीक जोमानं येतं. आईलाही तो द्या.