वरचे ऊन आणि घरचे ऊन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु उन्हावर बोलण्याचा अधिकार नागपूरच्या बाईला नसेल, तर कोणाला? 23 मे 2013 रोजी आपल्या गावचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, हे आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल.

गेल्या नवतपात भर दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला. सासूबाईंना उन्हाची झळ लागली. ओल्या पंच्याने त्यांचे अंग पुसत मी दोन तास बसून होते. वीज आली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आमची धाकटी कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आई, आपली बरीचशी वीज कोराडी-खापरखेड्यासारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. त्यातून निघणारा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो नि उष्णता अडवतो." म्हणजे ऊन घालवायला आपण ऊनच वाढवतो की! ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

तिनेच मला आणखी एक नवल सांगितले. 1968 साली अमेरिकेत पीटर ग्लेझर नावाच्या गृहस्थांनी सुचवले, की सूर्याची वीज आकाशातच तयार करावी. जमिनीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ना ढग, ना पावसाळा आणि रात्रही जवळजवळ नाहीच. तेथे मोठमोठे सौरपत्रे पसरायचे आणि ती वीज लहरींच्या रूपाने खाली धाडायची. मायक्रोवेव्ह शेगडीत असतात त्याच जातीच्या या लहरी. पण कित्येक किलोमीटरांच्या जाळीवर विरळ पसरून उतरायच्या. आपले डॉ. अब्दुल कलाम यांनीही 2010 साली या कल्पनेचा पुरस्कार केला होता. 2023 साली अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेने लहानसे यंत्र वर पाठवून, बिनतारी शक्ती पाठवता येते हे दाखवले. पण ती अगदी चिमूटभर होती. त्यावर कूलर चालायला अजून पुष्कळ अवकाश आहे, आणि खर्च तर अफाट.

मग तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे काय? ज्या गच्चीवर आपण कुरडया, सांडगे वाळवतो, तिच्यावरही तोच सूर्य तळपतो. 3 किलोवॅटचा संच सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो. 2024 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला 78,000 रुपये अनुदान ठरले. बाकीची रक्कम मात्र आपल्यालाच उभी करावी लागते.

एक गोष्ट लपवीत नाही. बॅटरी नसलेला साधा संच वीज गेली की आपणही बंद पडतो. म्हणजे त्या दुपारी तो सासूबाईंच्या कामी आला नसता. हे कळल्यावर माझा उत्साह मावळला होता. पण सासूबाईच म्हणाल्या, "अगं, आंब्याचं झाड लावणारा काय आपल्यासाठीच लावतो?"

म्हणून माझी एक विनंती आहे. आपली भिशी आजवर साड्या, भांडी आणि लग्नकार्याला उपयोगी पडली. यंदापासून एक वेगळी 'सूर्यभिशी' काढावी. जिचा नंबर लागेल तिने ते पैसे गच्चीवरच्या संचालाच लावावेत. ज्या भगिनी भाड्याने राहतात, त्यांना स्वतःची गच्ची नाही. त्यांना या भिशीच्या पैशांतून चांगला, कमी वीज खाणारा पंखा किंवा कूलर घेता यावा. कोणी मागे राहू नये. पहिला नंबर मला नको. जिच्या घरी म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल आहे, तिला तो द्यावा.

वरचे ऊन शास्त्रज्ञ आणतील तेव्हा आणोत. घरचे ऊन तर आपल्या दारी आलेलेच आहे.