बिघाड शोधण्याचा सराव

२८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता, म्हणून ऑपरेटरना व्हॉल्व्ह बंद झाला असं वाटलं. प्रत्यक्षात दिवा एवढंच सांगत होता, की व्हॉल्व्ह उघडा धरणारा वीजप्रवाह थांबला आहे. गैरसमजातून त्यांनी आणीबाणीचं थंड पाणी कमी केलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. या अपघातानंतर जगभरच्या अणुवीज केंद्रांत सिम्युलेटरवरच्या, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या संगणकीय प्रतिकृतीवरच्या, प्रशिक्षणाला मोठं महत्त्व आलं. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. अशा केंद्रातल्या ऑपरेटरच्या तयारीत सिम्युलेटर असतोच.

हीच सोय शेजारच्या बोईसर एमआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या कामगारालाही मिळायला हवी.

मोटर सुरू होत नाही, असं समजा. नवशिका इलेक्ट्रिशियन आधी कॉन्टॅक्टर बदलतो, मग ओव्हरलोड रिले. खर्च होतो, मोटर मात्र तशीच. संगणकावरच्या प्रशिक्षणात तो पडद्यावरच्या सर्किटला मल्टीमीटर लावतो. प्रत्येक मोजमाप नोंदलं जातं आणि सॉफ्टवेअर विचारतं: हे का मोजलंस? यावरून कोणती शक्यता निकालात निघाली? एका ओळीतल्या आठ भागांपैकी एकातच दोष असेल, तर दर वेळी मधोमध मोजत गेल्यास तीन मोजमापांत तो सापडतो. ही शिस्त सरावानेच अंगी बाणते.

रासायनिक कारखान्यात तर हे जिवाशी निगडित आहे. रिअ‍ॅक्टरचं तापमान चढतंय. थंड पाणी थांबलं, की सेन्सर चुकीचं दाखवतोय? खऱ्या रिअ‍ॅक्टरवर हा प्रयोग करता येत नाही. पडद्यावर तो शंभर वेळा करता येतो.

अर्थात, वीजपुरवठा तोडून कुलूप लावणं, तापलेल्या बेअरिंगचा आवाज ओळखणं, हे पडद्यावर पुरतं येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरनंतर उस्तादाच्या देखरेखीखाली खऱ्या पॅनेलवर हात बसलाच पाहिजे.

बोईसरच्या कारखानदारांना आणि पालघर जिल्ह्यातल्या आयटीआयंना माझी विनंती आहे: आपल्याच कारखान्यांत घडलेले बिघाड एकत्र नोंदवा, त्यांवर मराठीतून सराव तयार करा आणि तो प्रत्येक अप्रेंटिसला, कंत्राटी कामगारालासुद्धा, कामावर रुजू होण्याआधी द्या.