घरची भाषा कोण ठरवणार?

(युवा कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



"तुम्ही मुसलमान, तरी मराठी इतकं छान कसं बोलता?" हा प्रश्न ज्याला एकदाही ऐकावा लागला नाही, त्यानं हात वर करावा. फारसे हात वर येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. विचारणारा कौतुकानं विचारतो, पण आपल्या धर्मावरून त्यानं आपली भाषा आधीच ठरवलेली असते. उलट बाजूला आपल्यातलेच काही जण म्हणतात, उर्दू येत नाही तर कसले मुसलमान?

हीच चूक एकदा सरकारनं केली होती, आणि तीही मुसलमानांच्या बाबतीत नव्हे. ती गोष्ट आज सांगतो.

नाशिकजवळच्या देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची ही इंग्रजी माध्यमाची शाळा. डिसेंबर 1953 मध्ये तिथं 415 मुलं शिकत होती. त्यांतली 212 अँग्लो-इंडियन, बाकीची इतर भारतीय समाजांतली. 6 जानेवारी 1954 रोजी तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारनं आदेश काढला: ज्या वर्गात इंग्रजी माध्यम आहे, तिथं यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यायचा.

म्हणजे इंग्रजी कुणाची, हे वंशावरून ठरलं. शाळेत एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी मुलीला घेऊन गेले. घरात इंग्रजीच बोलतो, तीच आमची मातृभाषा, असं त्यांचं म्हणणं. पण ते अँग्लो-इंडियन नव्हते, म्हणून प्रवेश नाही. एक गुजराती डॉक्टर मुलाला घेऊन गेले. त्यांची मातृभाषा गुजराती, पण मुलाला इंग्रजीतून शिकवायचं होतं. त्यांनाही नकार. मग शाळा आणि हे दोन्ही पालक कोर्टात गेले.

न्या. एम. सी. छागला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. उच्च न्यायालयात फेब्रुवारीत सरकार हरलं. सर्वोच्च न्यायालयानं 26 मे 1954 रोजी सरकारचं अपील फेटाळलं. सरकार म्हणत होतं, आमचा हेतू राष्ट्रभाषेच्या आणि मातृभाषेतल्या शिक्षणाच्या प्रसाराचा आहे. न्यायालयाचं म्हणणं असं की, हेतू चांगला असेल, पण त्यासाठी वापरलेला मार्गही तपासावा लागतो. इथं मुलाला दारातून परत पाठवलं जातंय ते भाषेच्या कारणावरून, आणि कलम 29(2) नुसार अनुदानित शाळेत तसं करता येत नाही. हे कलम फक्त अल्पसंख्याकांसाठी आहे, हा सरकारचा युक्तिवादही टिकला नाही. ते प्रत्येक नागरिकासाठी आहे.

अल्पसंख्याकांची शाळा या निकालानं दुबळी झाली नाही. उलट कलम 337 नुसार अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान हवं असेल, तर 40 टक्के प्रवेश इतरांसाठी खुले ठेवावे लागत. सरकारी आदेश पाळला असता, तर शाळेचं अनुदानच धोक्यात आलं असतं. शाळेचा हक्क आणि शेजाऱ्याच्या मुलाचा हक्क एकाच निकालात वाचले, हे विसरू नका.

साठ वर्षांनी, 2014 मध्ये, कर्नाटकच्या खटल्यात घटनापीठानं आणखी स्पष्ट केलं: मुलाची मातृभाषा कोणती, हे पालक सांगतील; प्राथमिक शिक्षण अमुकच भाषेतून घ्या, अशी सक्ती सरकारला करता येणार नाही.

मग मराठीचं काय? तेही ऐका. 2004 मध्ये महाराष्ट्रातल्या गुजराती अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांनी मराठी विषयाच्या सक्तीला आव्हान दिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. माध्यम निवडायचा हक्क आहे. पण ज्या राज्यात राहता, तिथली भाषा विषय म्हणून शिकण्यानं तो हक्क मारला जात नाही. मला हे न्याय्य वाटतं. नोकरीच्या अर्जापासून पोलीस ठाण्यातल्या तक्रारीपर्यंत मराठी न येणाऱ्याचं काय होतं, हे आपल्या मोहल्ल्यांइतकं कुणाला माहीत आहे?

आता आपल्याकडे येतो. कलम 30 मध्ये 'धर्म किंवा भाषा' असं लिहिलंय. हे दोन वेगळे आधार आहेत. कोकणातला मराठी बोलणारा मुसलमान महाराष्ट्रात धर्मानं अल्पसंख्य आणि भाषेनं बहुसंख्य आहे. मालेगावचा उर्दू बोलणारा दोन्ही अर्थांनी अल्पसंख्य आहे. दोघंही तितकेच मुसलमान, तितकेच महाराष्ट्राचे.

म्हणून एक छोटं काम सांगतो. शाळेच्या प्रवेश अर्जात आणि जनगणनेत मातृभाषा विचारली जाते. तिथं घरात जी बोलता तीच लिहा. उर्दू असेल तर उर्दू, मराठी असेल तर मराठी. लिहिणाऱ्यानं नाव बघून परस्पर काही भरलं, तर थांबवा, दुरुस्त करायला सांगा. देवळालीच्या त्या पालकांनी यासाठी कोर्टाची पायरी चढली होती. आपल्याला फक्त एक रकाना नीट भरायचा आहे.

जय संविधान!